क्लच दाबला तरी गाडी का ओढते?

नांदगाव पेठच्या एका वाचकाने विचारलं आहे : पांदण रस्त्यासाठी घेतलेली डर्ट बाइक सकाळी पहिल्या गियरमध्ये टाकली, की क्लच पूर्ण दाबूनही पुढे ओढते. न्यूट्रल लागता लागत नाही. मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलून प्लेटा बदलू. बदलाव्यात का?

जरा थांबा. दोष प्लेटांचा असेलही, पण त्याआधी प्लेटांमधल्या तेलाची चौकशी व्हायला हवी.

अशा गाड्यांचा क्लच बहुधा इंजिन ऑइलमध्येच फिरतो. पाच फायबर प्लेटा धरल्या, तर स्टीलच्या प्लेटांना टेकणाऱ्या बाजू झाल्या दहा. क्लच पूर्ण दाबला तरी प्रेशर प्लेट उचलली जाते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. ती दहा जागी वाटली, की एकेका फटीच्या वाट्याला येतात 0.15 ते 0.2 मिलिमीटर! त्या फटीत तेल भरलेलं. दोन ताटल्यांमध्ये काकवी घालून वरची फिरवा, खालचीही फिरू लागते. क्लचमध्ये हेच होतं.

याचं गणित 1883 साली निकोलाय पेत्रोव्ह या रशियन अभियंत्याने मांडलं. रेल्वेच्या आसांना कोणतं वंगण घालावं, हा त्याचा प्रश्न. त्याचं उत्तर असं, की तेलाने वेगळ्या राखलेल्या पृष्ठभागांमधला विरोध तेलाचा दाटपणा, वेग आणि क्षेत्रफळ यांच्याबरोबर वाढतो आणि फट रुंदावली की घटतो. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवरने बेअरिंगला पाडलेल्या भोकातलं बूच तेलाच्या दाबाने पुन्हा पुन्हा बाहेर ढकललं गेलं. 1886 साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्यामागचा सिद्धांत दिला. कौतुक या दोघांच्या वाट्याला आलं, पेत्रोव्ह पुस्तकात एका समीकरणापुरता उरला. भार पेलणाऱ्या बेअरिंगला ते समीकरण अंदाजापुरतंच लागू पडतं, हे खरं. पण दाबलेल्या क्लचच्या प्लेटांवर भार जवळजवळ नसतोच. तिथे ते चपखल बसतं, आणि म्हणून मला हा माणूस फार मोठा वाटतो.

आता त्याच्याच सूत्राने तपासा. आधी फट. बहुतेक गाड्यांत क्लच लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर ढिलाई चालते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. वायर त्याहून सैल असेल तर प्लेट पुरती उचललीच जात नाही. वायर ॲडजस्ट करायला पाच मिनिटं पुरतात. क्लच हायड्रॉलिक असेल, तर नळीत हवा शिरली आहे का ते पाहा.

मग दाटपणा. 10डब्ल्यू-30 ऑइल 40 अंशांवरून 100 अंशांवर जाताना साधारण सहा-सात पट पातळ होतं. वऱ्हाडातल्या डिसेंबरच्या सकाळी तर ते कितीतरी अधिक दाट असतं. गाडी तापल्यावर ओढणं थांबलं, तर प्लेटांना हात लावू नका. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं आहे ना, एवढं बघा. स्टँडवर पहिल्या गियरमध्ये क्लच दाबूनही मागचं चाक हळूहळू फिरत असेल आणि ब्रेकने सहज थांबत असेल, तर तोही बिघाड नव्हे.

उलट, गाडी तापली की ओढणं वाढत असेल, तर संशय स्टीलच्या प्लेटांवर घ्या. पावसाळ्यात पांदणीतली काळी माती चाकाला लगडते, गाडी हाफ क्लचवर रेटावी लागते, प्लेटा तापून वाकतात. काढलेली प्लेट सपाट काचेवर ठेवा. खालून 0.2 मिलिमीटरची फीलर गेज शिरली, तर एका वाकलेल्या प्लेटेने एक अख्खी फट खाल्ली, असं समजा.

थंड-गरम दोन्ही वेळा सारखंच ओढत असेल आणि वायर ठीक असेल, तर क्लच हाउसिंगच्या बोटांवरून नख फिरवा. फायबर प्लेटांच्या कानांनी ॲल्युमिनियमला खाचा पाडलेल्या असतात. प्लेटा त्यात अडकतात, मोकळ्या होत नाहीत. अशा हाउसिंगमध्ये नव्या प्लेटा टाकल्या तरी त्याही तशाच अडकणार.

तुमची गाडी फक्त सकाळी ओढते, असं तुम्ही लिहिलं आहे. तेव्हा प्लेटा बदलू नका. वायर तपासा, ऑइल तपासा आणि निघण्याआधी इंजिन थोडं तापू द्या.