कॅमेऱ्याआधी चौकशी: माहितीपटाचं पदव्युत्तर शिक्षण
पदवीनंतर माहितीपट, रिपोर्ताज, पॉडकास्ट अशा माध्यमांतून घडलेली गोष्ट सांगायला शिकायचं असेल, तर छत्रपती संभाजीनगरात सोय आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या आणि १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लाभलेल्या मराठवाडा विद्यापीठात वृत्तपत्रविद्या आणि नाट्यशास्त्र हे विभाग आहेत. एमजीएम विद्यापीठात पत्रकारिता आणि चित्रपटकला शिकवतात. पदव्युत्तर पदवी साधारणपणे दोन वर्षांची, चार सत्रांची. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याचीही मुभा आहे.

या कामात कॅमेऱ्याआधी चौकशी येते. समजा, विषय हिमरू विणणारा कारागीर. आधी या सुती-रेशमी विणकामाची माहिती काढायची, चित्रीकरणाला संमती घ्यायची, मग मुलाखत. हातमाग चालू ठेवला तर धोट्याच्या खटखटीत बोलणं बुडतं. म्हणून मुलाखत माग थांबवून घेतात आणि मागाचा आवाज वेगळा टिपतात. पुढे मुलाखत शब्दशः उतरवून कागदावरच क्रम लावायचा आणि मग संकलनाला बसायचं. याच सामग्रीतून लेख, छायाचित्रमालिका, पॉडकास्टही उभा राहतो.

प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: प्रत्यक्ष प्रकल्पाला श्रेयांक किती, आणि संकलनाचे संगणक विद्यार्थ्यांच्या हाती किती वेळ येतात.