१९५७ : मते घटली, खासदार वाढले

चाकणच्या एमआयडीसीत रोज कामाला जाणाऱ्या आपल्या किती तरुणांना ठाऊक आहे, की चाकण ज्या खेड तालुक्यात येते, त्या खेडच्या लोकसभा मतदारसंघाने १९५७ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा खासदार निवडून दिला होता? बाळासाहेब साळुंके हे त्यांचे नाव. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

आधीचा इतिहास पराभवाचा होता. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेबांना काजरोळकरांनी सुमारे चौदा हजार मतांनी हरवले. १९५४ ची भंडारा पोटनिवडणूकही गेली. १९५२ मध्ये फेडरेशनला देशभरात २.३८ टक्के मते आणि दोन खासदार मिळाले. १९५७ मध्ये मते १.६९ टक्क्यांवर आली, खासदार मात्र सहा झाले! नाशिकहून कर्मवीर दादासाहेब गायकवाड, कोपरगावहून बी. सी. कांबळे, मुंबईतून जी. के. माने, नांदेडहून हरिहरराव सोनुले, सीमाभागातल्या चिकोडीतून दत्ता कट्टी आणि खेडमधून साळुंके.

हे कसे घडले? आपल्या निवडणुकीत सर्वाधिक मते घेणारा जिंकतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. आपली वस्ती गावोगाव आहे, पण बहुसंख्य जवळपास कुठेच नाही. विखुरलेली मते टक्केवारीत दिसतात, संसदेत पोहोचत नाहीत. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. फेडरेशन, शेकाप, प्रजासमाजवादी आणि कम्युनिस्ट एकत्र आले, जागा वाटून घेतल्या आणि काँग्रेससमोर शक्यतो एकच उमेदवार दिला. फेडरेशन कमी जागा लढली, पण तिथे मित्रपक्षांची मतेही मिळाली.

ती तर समितीची लाट होती, असे काही जण म्हणतात. होतीच. पण लाटेत आपला माणूस उमेदवार असायला आधी वाटपाच्या बैठकीत जागा पदरात पाडून घ्यावी लागते, आणि ते फेडरेशनने केले. नुसत्या आपल्या मतांवर खेड जिंकणे शक्यच नव्हते.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. १ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला आणि समितीला बांधून ठेवणारे कारणच संपले. १९६२ मध्ये पक्षाची देशातली मते वाढून २.८३ टक्के झाली. तीन खासदार आले, तिन्ही उत्तर प्रदेशातून. महाराष्ट्रातून एकही नाही. खेडमधून त्या वेळी काँग्रेसचे र. के. खाडिलकर निवडून आले. हेच खाडिलकर १९५७ मध्ये अहमदनगरहून काँग्रेसविरोधात जिंकले होते.