मोटारसायकलचे मागील धक्काशोषक : रचना, प्रकार व पालट

मोटारसायकलचे मागील चाक आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या, स्प्रिंग व तेल यांच्या साहाय्याने रस्त्याचे धक्के पचवणाऱ्या साधनास धक्काशोषक म्हणतात. गॅरेजमध्ये हेच साधन ‘शॉकअप’ या सुटसुटीत नावाने ओळखले जाते. दूरच्या प्रवासाच्या मोटारसायकलीत त्याचे महत्त्व विशेष आहे. चालक, सहप्रवासी आणि मागे बांधलेले सामान या तिघांचा बहुतांश भार मागच्या चाकावर येतो आणि तो दिवसभर, शेकडो किलोमीटर, याच साधनाला वाहावा लागतो.

कार्यतत्त्व : धक्काशोषक या नावामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. खड्ड्याचा धक्का प्रथम झेलते ती स्प्रिंग. ती दबते आणि धक्क्यातील ऊर्जा स्वतःत साठवते. साठवलेली ऊर्जा ती लगेच परत करते आणि तिला आवर घालणारे काही नसेल, तर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ हेलकावत राहील. हे हेलकावे शमवण्याचे काम स्प्रिंगच्या आतील नळकांडे करते. त्याला अवमंदक, म्हणजेच डँपर, असे नाव आहे. नळकांड्यात तेल असते आणि त्या तेलातून बारीक छिद्रे व पातळ झडपा असलेला दट्ट्या वरखाली सरकतो. छिद्रांतून तेल बळाने ढकलले जाताना घर्षण होते आणि गतीचे रूपांतर उष्णतेत होते. खडबडीत रस्त्यावरून उतरल्यावर शॉकअपच्या नळकांड्याला हात लावल्यास ही उष्णता जाणवते. भार पेलणे हे स्प्रिंगचे काम आणि गतीला लगाम घालणे हे अवमंदकाचे काम, हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

इतिहास : आरंभीच्या मोटारसायकलींना मागे कोणतीच लवचीक योजना नसे. चाक सांगाड्याला थेट जखडलेले असे आणि चालकाचा बचाव आसनाखालच्या स्प्रिंगांवर अवलंबून असे. मोटारगाड्यांसाठी विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये ट्रूफो यांनी घर्षणचकत्यांचा, तर मोरिस हूदाय यांनी तेलावर चालणारा अवमंदक पुढे आणला. मोटारसायकलीत फिलिप व्हिन्सेंट यांनी 1928 पासून मागील लवचीक योजनेचा पाठपुरावा केला. बीएमडब्ल्यूने 1938 मध्ये आपल्या आर 51 या गाडीत चाकाच्या आसाशेजारी उभ्या स्प्रिंगा बसवल्या. आज परिचित असलेली रचना, म्हणजे खिळीवर झुलणारी दोलभुजा व तिच्या दोन बाजूंना तेलयुक्त धक्काशोषक, रॉयल एनफील्डने 1948 च्या कोलमोर कप स्पर्धेत बुलेटच्या नमुन्यांवर आणली आणि पुढच्या वर्षी ती विक्रीच्या गाड्यांत आली. आपल्याकडचे मेकॅनिक या दोलभुजेला ‘चिमटा’ म्हणतात. हे नाव आकाराला अचूक लागू पडते. 1955 मध्ये मद्रासला एनफील्ड इंडियाची स्थापना झाली आणि भारतीय रस्त्यांचा या रचनेशी दीर्घ सहवास सुरू झाला.

प्रकार : अवमंदकाच्या अंतर्रचनेवरून मुख्यतः चार प्रकार करता येतात. (1) द्विनलिका : यात एका नळीच्या आत दुसरी नळी असते. दट्ट्या आतल्या नळीत फिरतो व जादा तेल बाहेरच्या नळीत उतरते. हा प्रकार स्वस्त व टिकाऊ आहे, मात्र वरचे टोक वरच ठेवून बसवावा लागतो. (2) मिश्रप्रकार : यात तेल व नायट्रोजन वायू एकाच पोकळीत विनापडदा राहतात. सतत वापराने दोन्ही घुसळले जाऊन फेस होऊ शकतो. (3) एकनलिका : यात तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरता दट्ट्या असतो, त्यामुळे फेस होत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ बुर्सिए द कार्बों यांच्या या कल्पनेला जर्मनीच्या बिलस्टीनने 1950 च्या दशकात औद्योगिक रूप दिले. (4) कुपीयुक्त : यात तेल व वायूसाठी बाहेर वेगळी कुपी जोडलेली असते. तेलाचा साठा वाढल्याने ते उशिरा तापते.

मांडणीवरून पाहता जोडशॉक व एकशॉक असे दोन वर्ग पडतात. रॉयल एनफील्डच्या क्लासिक 350 व इंटरसेप्टर 650 या गाड्यांना दोन शॉक आहेत, तर 2016 मध्ये आलेल्या हिमालयनला दुव्यांच्या साहाय्याने जोडलेला एकच शॉक होता व मागच्या चाकाची हालचाल 180 मिलिमीटर होती. इंटरसेप्टरमध्ये ती 88 मिलिमीटर आहे. महाराष्ट्रापुरते सांगायचे, तर चाकण आणि वाळूज येथील कारखान्यांतून दुचाकींचे धक्काशोषक मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतात. बजाजच्या पल्सरने तर वायूयुक्त शॉकसाठी ‘नायट्रॉक्स’ हा शब्द तरुणांच्या तोंडी रुळवला.

पालट केव्हा करावा : दट्ट्याच्या दांड्यावर तेलाचा ओलसर थर दिसणे, गतिरोधकानंतर गाडी दोनतीनदा उसळणे, वळणावर मागचे चाक थरथरणे, टायरची झीज ठिकठिकाणी खोलगट होणे आणि जोडीने बसल्यावर लहान खड्ड्यातही शॉक तळाला आपटणे ही प्रमुख लक्षणे होत. झीज सावकाश होते आणि चालकाला तिची सवय होते, म्हणून अनेकदा दुसऱ्याची सुस्थितीतील गाडी चालवल्यावरच दोष ध्यानात येतो.

निवड : नव्या शॉकची निवड करताना प्रथम लांबी पाहावी. वरच्या छिद्राच्या मध्यापासून खालच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर मूळ मापाशी जुळले पाहिजे. लांबी वाढल्यास मागची बाजू उंचावते, पुढच्या फॉर्कचा कल उभट होतो आणि गाडी हलकी वळू लागते. सरळ मार्गावरील स्थैर्य मात्र कमी होते. साइड स्टँडवर गाडी अधिक झुकते व कलंडण्याचा संभव वाढतो. दुसरी बाब स्प्रिंगची. तिचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. बाकी सर्व मापे समान ठेवून 7 मिलिमीटरऐवजी 7.5 मिलिमीटर तार वापरली, तर स्प्रिंग सुमारे 32 टक्के अधिक ताठ होते. नुसत्या नजरेने स्प्रिंगची पारख होत नाही, ती एवढ्यासाठीच. आपले वजन, जोडीदाराचे वजन आणि सामान यांची खरी बेरीज विक्रेत्याला सांगूनच स्प्रिंग घ्यावी.

बसवण्याची रीत : गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडवर घ्यावी आणि मागच्या चाकाखाली फळी सरकवून चिमट्याला आधार द्यावा. आवश्यक तेथे बाजूची झाकणे, पकडदांडा व सायलेन्सर उतरवावा. जोडशॉकच्या गाडीत दोन्ही शॉक एकदम काढू नयेत. एक काढून त्या जागी नवा बसवेपर्यंत दुसरा चिमट्याला धरून ठेवतो आणि छिद्रे सहज जुळतात. वायसरांचा क्रम काढतानाच लिहून ठेवावा. बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या बलाघूर्णानुसार टॉर्क-पान्याने आवळावेत. शॉक नेहमी जोडीने बदलावेत, कारण एक नवा व एक जुना असल्यास दोन्ही बाजूंचा रोध विषम होतो. बसवल्यानंतर साखळीचा ताण, हेडलाइटचा झोत व सायलेन्सरपासूनचे अंतर तपासावे. जुना वायूयुक्त शॉक भोसकू नये किंवा आगीत टाकू नये, त्यातील दाब जीवघेणा ठरू शकतो.

जुळवणी : स्प्रिंगच्या टोकाशी पायऱ्यांची कडी असते आणि ती सी-पान्याने फिरवता येते. हा पूर्वभार होय. कडी वर चढवल्याने स्प्रिंग ताठ होते, हा समज चुकीचा आहे. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडीची उभी राहण्याची उंची बदलते. जुळवणीसाठी चाक अधांतरी असताना आसापासून वरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजावे व नेहमीचा भार घेऊन पुन्हा मोजावे. या दोहोंतील फरकास बसण म्हणावे. ती एकूण हालचालीच्या एकचतुर्थांश ते एकतृतीयांश असावी. इंटरसेप्टरमध्ये हे माप सुमारे 22 ते 29 मिलिमीटर येते. कडी शेवटच्या पायरीवर नेऊनही बसण अधिकच राहिली, तर दोष कडीचा नसून स्प्रिंग आपल्या भाराला अपुरी आहे, असे समजावे.

मनाली–लेहसारख्या मार्गावर निघण्याआधी शॉक बदलायचे असल्यास ते निदान दोनतीन आठवडे आधी बदलावेत, घाटात जोडीने व सामानासह एक फेरी मारावी आणि परतल्यावर बसण पुन्हा मोजून सर्व बोल्ट तपासावेत. ही खातरजमा घरच्या अंगणात एक फूटपट्टी, एक पाना आणि एक सोबती यांच्या मदतीने अर्ध्या तासात पूर्ण होते.