घरातले कागद : ठेवायचे कोणते, फाडायचे कोणते?

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या घरातून चौदा किलो रद्दी निघाली. वडील सिल्वासातील एका कारखान्यात नोकरीला. बेळगावकडून इकडे आल्यापासून आम्ही चार खोल्या बदलल्या. प्रत्येक भाडेकराराच्या वेळी आधारकार्डाच्या झेरॉक्स काढल्या आणि उरलेल्या तशाच पडून राहिल्या. रद्दीवाल्याने सारे काट्यावर घातले व नेले. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावर शेंगदाणे घेतले, तर पुडीवर एका अनोळखी बाईंचा फोटो, सही आणि खातेक्रमांक! पुडी आमच्या रद्दीतली नव्हती, पण आमची कोणाच्या हाती पडली असेल?

ही भीती पोकळ नाही. दुसऱ्याच्या ओळखपत्राच्या प्रतीवर सिमकार्ड घेतल्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी उघडकीस आले आहेत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आपल्या नावे किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहता येते. वाचकांनी एकदा अवश्य पाहावे.

हे ऐकून आमची अज्जी कानडीत म्हणाली, "मग सगळेच चुलीत घाला!" येथे मात्र थांबावे लागते. आपल्या या प्रदेशाचेच उदाहरण घ्या. दादरा व नगरहवेलीच्या मार्गहक्कावरून पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १९६० च्या निकालात १७७९ चा तह आणि मराठ्यांच्या १७८३ व १७८५ च्या सनदा तपासल्या गेल्या, आणि मराठ्यांनी पोर्तुगीजांना येथला महसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. पावणेदोनशे वर्षांचे जुने कागद!

तेव्हा मी सरळ दोन ढीग केले. ज्या कागदाने आपला हक्क सिद्ध होतो तो ठेवायचा: जमीन, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विमा, प्रॉव्हिडंट फंड. ज्याने केवळ आपली ओळख पटते अशी जादा प्रत नष्ट करायची. पगाराच्या चिठ्ठ्या वडिलांनी पहिल्या ढिगात ठेवल्या, आणि ते बरोबरच आहे. फंडाच्या हिशेबात तफावत निघाली तर कामगाराजवळ दुसरे काय असते?

आता नष्ट करण्याची रीत. हाताने चार तुकडे केले तर ते पुन्हा जुळवता येतात. नंबर, फोटो आणि सही यांवरून उभ्या बारीक पट्ट्या फाडाव्यात. नंतर बादलीत रात्रभर भिजवाव्यात. झेरॉक्सची शाई पाण्याने जात नाही, म्हणून सकाळी हाताने कुस्करून लगदाच करावा. प्लॅस्टिक चढवलेले कार्ड भिजत नाही आणि जाळले तर विषारी धूर होतो. ते कात्रीने कापावे. बंद खात्याच्या कोऱ्या चेकवर खालच्या पट्टीत चेकक्रमांक व बँकेचा नऊ अंकी संकेत असतो, ती पट्टी आधी कापावी. जुन्या एटीएम कार्डाची चिप आणि मागची काळी पट्टी दोन्ही कापावीत.

मुळात प्रतच कमी द्यावी. आधारची फक्त शेवटचे चार अंक दाखवणारी प्रत मिळते, ती पुष्कळ ठिकाणी चालते. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर तारीख व कारण आडवे लिहावे.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती: पार्सलच्या खोक्यावरची नाव, पत्ता व मोबाइलची चिठ्ठी. ती अज्जीने पकडली. आता खोके रद्दीत देण्यापूर्वी ती चमच्याच्या टोकाने खरवडत बसते.