अर्धवट बंगल्याचा लिलाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवी मुंबईतल्या नेरूळच्या जुन्या सेक्टरांत सिडकोच्या एलआयजी (अल्प उत्पन्न गटाच्या) घरांच्या आणि रो हाउसच्या रांगा आहेत. अशा एखाद्या गल्लीत मध्येच एक सांगाडा उभा असतो. आजूबाजूची घरं एक-दोन मजल्यांची, याचा मात्र तिसरा स्लॅब पडलेला. कॉलमच्या डोक्यावर सळ्या उघड्या, खिडक्यांच्या जागी भोकं, आणि गेटवर बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची कब्जा सूचना डकवलेली. कर्ज काढून गल्लीतलं सर्वांत मोठं घर बांधायला घेतलं, काम अर्ध्यावर अडलं, हप्ते थकले आणि घर लिलावात गेलं.

अशा घराबद्दल ऐकीव माहितीच फार फिरते. मालकाला वाटतं, शेवटच्या क्षणी काहीतरी होईल. घेणाऱ्याला वाटतं, घर मातीमोल भावात पदरात पडेल. या दोन्ही समजुतींनी कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी जाते. म्हणून नेहमीचे गैरसमज आणि त्यांमागची वस्तुस्थिती इथे एकेक करून मांडतो.

गैरसमज १ : जेवढा खर्च झाला, तेवढी किंमत तरी येणारच.

वस्तुस्थिती : मूल्यांकनकार बांधकामाचा खर्च पाहतो, पण त्याआधी आसपासच्या व्यवहारांची नोंद पाहतो. उदाहरणादाखल असं धरा, की गल्लीतली तयार रो हाउसं दीड कोटीच्या आसपास विकली जातात. त्याच मापाच्या भूखंडावर एकाने दुप्पट-तिप्पट बांधकाम काढलं आणि सगळं मिळून अडीच कोटी घातले. आता अडीच कोटी खर्च करू शकणारा माणूस या गल्लीत का येईल? तेवढ्या पैशांत त्याला लिफ्ट, पार्किंग आणि भोगवटा प्रमाणपत्र असलेला तयार फ्लॅट दुसरीकडे मिळतो. उलट ज्याला ही गल्ली हवी आहे, त्याचं बजेट दीड कोटीचं. वाढीव बांधकामाचा बराचसा पैसा या दोघांच्या मधल्या फटीत अडकतो.

मोठं घर मुळातच वाईट, असं नाही. शेजारच्या बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज पाहा. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात तिथे ८ मीटर बाय ८ मीटरच्या अंगणांभोवती सात-सात छोटी घरं मांडली आणि ती पुढे वाढवता येतील अशी सोय ठेवली. लोकांनी ती वाढवली, कित्येकांनी पाडून नवी बांधली. पण तिथे गल्लीच्या गल्ली हळूहळू वर गेली. एकटाच आधी फार पुढे गेला, तर बाकीची गल्ली वर येईपर्यंतचा तोटा त्याच्या एकट्याच्या अंगावर पडतो.

विकताना म्हणूनच गिऱ्हाईक ओळखावं लागतं. दोन-तीन भावांचं एकत्र कुटुंब हे अशा घराचं खरं गिऱ्हाईक. नेरूळमध्ये डी. वाय. पाटील, तेरणा, एसआयईएस यांसारख्या संस्था असल्याने विद्यार्थ्यांच्या निवासासाठी जागा शोधणारेही येतात. पण निवासी भूखंडावर वसतिगृह किंवा दवाखाना चालवायचा, तर वापराची परवानगी लागते. ती मिळेलच, असं गृहीत धरून भाव सांगू नये.

गैरसमज २ : काम थोडंच उरलंय, पूर्ण करून विकलं की भाव येईल.

वस्तुस्थिती : सांगाडा उभा राहिला की घर बरंचसं झाल्यासारखं वाटतं. पण नळ, वीज, प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, रंग हा सगळा खर्च पुढेच असतो. आणि थांबलेलं काम जिथे थांबलं तिथे टिकून राहत नाही. उघड्या सळ्या पावसात गंजतात, आणि नेरूळला खाडीची खारी हवा आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आतून काँक्रीटला दाबतो, मग कॉलमला उभी चीर जाते आणि पापुद्रे सुटतात. स्लॅबवर दोन पावसाळे पाणी साचलं, तर खालच्या बाजूला पांढरे डाग आणि गंजाचे ओघळ दिसू लागतात. घेणारा आधी छताकडे पाहतो तो याचसाठी.

इथे डोळ्यांच्या अंदाजावर काही ठरवू नये. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी, हाफ-सेल आणि कोअर या चाचण्यांनी काँक्रीटची ताकद आणि सळ्यांचा गंज कळतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल हाती असला, की गिऱ्हाइकाची निम्मी भीती जाते. उरलेला पैसा फरशीत घालण्यापेक्षा सळ्यांना गंजरोधक लेप देणं, स्लॅबवरच्या पाण्याला वाट काढून देणं आणि हा अहवाल करून घेणं यात घालावा. टाईल्सची आवड प्रत्येकाची वेगळी असते, पक्का सांगाडा मात्र सगळ्यांनाच हवा असतो.

ताबा बँकेकडे गेल्यावर बँक घर पूर्ण करून विकत नाही. मालमत्तेची राखण करण्याची आणि गरज पडल्यास विमा उतरवण्याची जबाबदारी नियमांनी प्राधिकृत अधिकाऱ्यावर टाकली आहे. बांधकाम पुढे नेणं हे त्याचं काम नव्हे.

गैरसमज ३ : नकाशा एकदा मंजूर झाला, आता कागदाची काळजी नाही.

वस्तुस्थिती : नेरूळमध्ये निदान दोन दारं ठोठावावी लागतात. बांधकामाची परवानगी नवी मुंबई महापालिकेची, जमीन सिडकोची. सिडकोचे भूखंड साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. करारातल्या मुदतीत बांधकाम पूर्ण झालं नाही, तर अतिरिक्त भाडेपट्टा अधिमूल्य भरावं लागू शकतं. हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. भूखंड साडेबारा टक्के योजनेतला असेल, तर मूळ प्रकल्पग्रस्तापासून आजच्या मालकापर्यंतची करारांची साखळी तपासावी लागते.

१९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४८नुसार बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालतं आणि पुढे वर्षावर्षाने नूतनीकरण करून आणखी जास्तीत जास्त तीन वर्षं टिकवता येतं. या मुदतीत जोत्यापर्यंतचं काम झालेलं असेल, तर नूतनीकरणाची गरज उरत नाही. त्यामुळे जोतं केव्हा पूर्ण झालं याचा दाखला अशा घराच्या फाईलमधला फार मोलाचा कागद आहे. तो नसेल, तर सगळी परवानगी नव्याने मागण्याची वेळ येऊ शकते.

मंजूर नकाशात दोन मजले आणि जागेवर तीन, असं असेल तर तिसऱ्या मजल्याची किंमत मिळणं दूरच, तो पाडण्याची किंवा नियमित करण्याची जोखीम घेणारा तुमच्या भावातून वजा करतो. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत बांधकामांबाबत दिलेल्या निर्देशांत म्हटलं आहे, की इमारत तारण घेताना बँकांनी पूर्णत्वाचं किंवा भोगवट्याचं प्रमाणपत्र पडताळूनच कर्ज द्यावं. अर्धवट घराला गिऱ्हाईक कमी मिळतं, याचं हे एक मोठं कारण.

गैरसमज ४ : लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरून घर सोडवता येतं.

वस्तुस्थिती : सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. बँकांना तारण मालमत्ता विकून थकबाकी वसूल करू देणाऱ्या २००२च्या सरफेसी कायद्यात १ सप्टेंबर २०१६पासून बदल झाला. आता थकबाकी आणि खर्च भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे.

नवी मुंबईतच याची कसोटी लागली. टीटीसी औद्योगिक क्षेत्रातल्या एका तारण भूखंडाचे आठ लिलाव वाया गेले. नवव्या लिलावात, जून २०२३मध्ये, सेलिर या संस्थेची १०५.०५ कोटींची बोली ठरली. त्यानंतर कर्जदार बाफना मोटर्सने १२९ कोटी भरून मालमत्ता सोडवण्याची तयारी दाखवली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तशी मुभा दिली. २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. रक्कम जास्त होती, तरी वेळ निघून गेली होती.

त्याआधी मात्र वेळ असतो. ९० दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादक ठरतं. मग सरफेसीच्या कलम १३(२)ची ६० दिवसांची नोटीस येते. त्यावर लेखी हरकत घेतली, तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बँकेने ताब्याची कारवाई केली, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. मुंबईच्या तिसऱ्या न्यायाधिकरणाचं कार्यालय वाशीतच आहे.

गैरसमज ५ : लिलावात घर निम्म्या किमतीत मिळतं.

वस्तुस्थिती : राखीव किंमत मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराच्या अहवालावरून ठरते. लिलाव फसत गेले तर ती पुढे खाली येऊ शकते, पण पहिल्याच लिलावात घबाड सापडेल अशी अपेक्षा चुकीची आहे.

शिवाय पैसे भरण्याची घाई जीवघेणी असते. बोली लागली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, अनामतीसह २५ टक्के रक्कम भरायची. उरलेली विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी संमतीने ही मुदत वाढली, तरी तीन महिन्यांच्या पुढे जात नाही. अर्धवट घरावर एवढ्या वेळात गृहकर्ज मंजूर होणं कठीण. पैसे जमले नाहीत तर भरलेली रक्कम जप्त होते. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०२४च्या निकालात पूर्ण २५ टक्क्यांची जप्ती ग्राह्य धरली आहे. पैशांची सोय आधी करावी, बोली नंतर लावावी.

गैरसमज ६ : बँकेने विकलं म्हणजे सगळं स्वच्छ.

वस्तुस्थिती : वर्तमानपत्रातली जाहिरात नीट वाचा. ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे’ हे शब्द तिथे छापलेले असतात. मोडतोड, थकबाकी, वाद, सगळं पाहून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, असा त्याचा अर्थ. मालमत्ता कराची थकबाकी महापालिकेत विचारावी, वीजबिल महावितरणात. लिलावात घेतलेल्या जागेला नवी वीजजोडणी देताना, वीजपुरवठ्याचे नियम तसं सांगत असतील तर, जुनी थकबाकी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

जाहिरातीत ताबा ‘सांकेतिक’ आहे की ‘प्रत्यक्ष’, हेही पाहावं. सांकेतिक ताबा म्हणजे नोटीस लागली आहे, पण घर अजून कुणाच्या तरी हातात आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला सरफेसीच्या कलम १४खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं, आणि तिथे महिने जाऊ शकतात.

गैरसमज ७ : घर गेलं, हिशेब मिटला.

वस्तुस्थिती : विक्रीतून थकबाकी आणि खर्च भागून काही उरलं, तर ती शिल्लक मालकाला परत मिळायला हवी. त्यासाठी बँकेकडे लेखी हिशेब मागा. विक्री कमी रकमेत झाली, तर उरलेल्या थकबाकीसाठी बँक तुमच्या मागे येऊ शकते. कर्ज सहकारी बँकेचं आहे म्हणून सरफेसी कायदा लागत नाही, असंही अनेक जण समजतात. मुरगूड सहकारी बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सहकारी बँकांनाही सरफेसी लागू असल्याचा निर्वाळा दिला.

मालकाने काय करावं?

हप्ते थकायला लागले आणि काम थांबलं, की त्याच वेळी विक्रीचा विचार करावा. १३(२)ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, पण संमती मागता येते. खाजगी करारानेही विक्री होऊ शकते, नियमांत तशी तरतूद आहे. स्वतः गिऱ्हाईक आणा, त्याची लेखी ऑफर बँकेला द्या, आणि विक्रीची रक्कम थेट कर्जखात्यात जमा होईल अशी रचना सुचवा. सोबत फाईल तयार ठेवा : सिडकोचा भाडेपट्टा करार, मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याचा दाखला, मालमत्ता कर आणि वीजबिलाच्या पावत्या, इंजिनिअरचा अहवाल.

भाव सांगताना आपण काय घातलं हे बाजूला ठेवून गल्लीत काय विकलं गेलं ते पाहा. दहा-वीस लाख कमी घेणं मनाला लागतं, हे खरं. पण रोज वाढणारं व्याज, पावसात गंजणाऱ्या सळ्या आणि फसलेल्या लिलावानंतर उतरणारी राखीव किंमत यांची बेरीज त्याहून मोठी होते. लिलावाची सूचना छापून येईपर्यंत वाटाघाटीत तुमचा शब्द चालतो. त्या मुदतीत घर विकणाऱ्या कुटुंबाच्या हातात पुन्हा उभं राहण्यापुरतं तरी काही उरण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.