कुरतडलेल्या पानांची बाग

नव्या गृहसंकुलांच्या बागा एका साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. मधोमध लॉन, कडेने ड्युरांटाचे कातरलेले कुंपण, फाटकाशी पाम, बाकी जागेत पेव्हर ब्लॉक. पानावर एक भोक दिसले की औषधाचा पंप बाहेर निघतो, आणि पान स्वच्छ राहिले की माळ्याचे कौतुक होते. शहरातल्या जैवविविधतेचा प्रश्न इथेच सुरू होतो. बाग जिवंत आहे की नुसती हिरवी आहे हे फुलांवरून कळत नाही, ते कुरतडलेल्या पानांवरून कळते. जिथे कुणी काही खात नाही, तिथे कुणी पोसलेही जात नाही.

कढीपत्त्याची एक कुंडी नीट पाहिली तरी हे पटते. कॉमन मॉर्मन फुलपाखराची मादी कोवळ्या पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान चाखून झाडाची खात्री करते, एकच अंडे घालते आणि पुढच्या पानाकडे वळते. अंड्यातून निघालेली अळी तपकिरी-पांढरी असते. पक्ष्याची शीट समजून तिच्याकडे दुर्लक्ष व्हावे, असे हे रूप. मोठी झाली की ती हिरवीगार होते. तिला डिवचले तर डोक्यामागून लालसर, दुभागलेला अवयव बाहेर काढून ती उग्र वास सोडते. दोन-तीन आठवड्यांत ती फांदी बोडकी करते, आणि नेमक्या याच वेळी घरोघर कीटकनाशक फवारले जाते. खरे तर निरोगी झाड पुन्हा पालवते. हाच संबंध रुई आणि प्लेन टायगर फुलपाखराचा, पानफुटी आणि रेड पिएरो फुलपाखराचा. मध अनेक फुलांतून मिळतो, पण बहुतेक अळ्यांना ठरावीक झाडांचीच पाने चालतात. म्हणून नुसत्या फुलांची बाग ही फुलपाखरांची खाणावळ असते, घर नव्हे.

ही साखळी पुढे पक्ष्यांपर्यंत जाते. दाणे टिपणारी चिमणी आणि मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांना किडे भरवतात. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिसरातील घरांच्या बागांमध्ये चिकडी या छोट्या पक्ष्याचा अभ्यास झाला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या आवारात देशी वनस्पतींचा वाटा 70 टक्क्यांहून कमी होता, तिथे या पक्ष्यांची वीण त्यांची संख्या टिकवायला पुरेशी पडत नव्हती. हा आकडा जसाच्या तसा पुण्या-मुंबईला लावता येणार नाही, कारण मात्र इथेही तेच आहे: अळ्या नाहीत तर पिलांना घास नाही.

यावर कुणी म्हणेल, मग परदेशी झाडे उपटून टाकायची का? तशी गरज नाही. इंग्लंडमधील लेस्टर शहरात जेनिफर ओवेन यांनी आपल्या साध्या घरगुती बागेत 30 वर्षे नोंदी ठेवल्या आणि 2,673 प्रजाती मोजल्या. त्या बागेत परदेशी शोभेची झाडेही होती आणि भाजीपालाही होता, पण कीटकनाशक नव्हते. मात्र घाणेरीवर फुलपाखरांची गर्दी होते एवढ्यावरून ती लावणे योग्य ठरत नाही, कारण बागेतून निसटून तिने आपली जंगले व्यापली आहेत. डासांचा आक्षेप रास्त आहे, पण त्याचे मूळ पानांत नाही, साचलेल्या पाण्यात आहे. कुंडीखालच्या ताटल्या आणि पक्ष्यांची भांडी आठवड्यातून किमान एकदा रिकामी करून घासली, तर तिथल्या डासांच्या अळ्या मोठ्या होत नाहीत.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: टेकडी फोडून उभारलेल्या इमारतीच्या गच्चीवर चार कुंड्या ठेवून काय साधणार? टेकडीची भरपाई तर नाहीच. ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यातील ओवळेकर वाडी या फुलपाखरांच्या बागेत फुलपाखरे येतात, त्यामागे तिथे लावलेली अळ्यांची आणि मधाची झाडे आहेत, तसाच शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाही आधार आहे. बाग जंगलाची जागा घेऊ शकत नाही. पण दोन हिरव्या तुकड्यांमधल्या सिमेंटच्या पट्ट्यात ती थांबा होऊ शकते, आणि पोळे न करता एकट्याने घरटे करणाऱ्या लहान माश्यांना असे थांबे एकमेकांपासून जवळ लागतात. त्यांतलीच निळ्या पट्ट्यांची माशी वांग्या-टोमॅटोच्या फुलाला धरून अंग थरथरवते आणि परागकण झटकून घेते. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. या माशीला घरटे करायला उघडी माती हवी असते, आणि ती आपण फरशीखाली गाडतो.

म्हणून बदल करायचा तो माळ्याला दिल्या जाणाऱ्या कामाच्या यादीत. सोसायटीच्या सभेत तीन गोष्टी ठरवता येतील: सरसकट फवारणी बंद, कुंपणाकडेचा एक पट्टा मोकळ्या मातीचा आणि पालापाचोळ्याचा, आणि नव्या लागवडीत कढीपत्ता, लिंबू, बहावा, ताम्हण, करंज यांना पहिला मान. याला लॉनच्या निगराणीपेक्षा पाणी आणि पैसा दोन्ही कमी लागतात. अडचण आहे ती नजरेची. खाल्लेले पान पाहून माळ्याला बोल लावण्याची सवय मोडली, तर उरलेले बरेचसे काम ती झाडे आणि किडेच करतील.