अक्षराआधी भाषा

मूल वाचायला शिकते म्हणजे नेमके काय शिकते, याचा आपण फारसा विचार करीत नाही. मुळाक्षरे पाठ झाली, बाराखडी घोटून झाली, की वाचन आले अशी आपली समजूत. परंतु वाचनात दोन कामे असतात. अक्षर पाहून त्याचा उच्चार करणे हे पहिले, आणि त्या उच्चारातून ओळखीचा शब्द कानाला लागणे हे दुसरे. दुसरे साधले नाही तर पहिले नुसती घोकंपट्टी होय.

मराठी घरातले मूल शाळेत येते ते शब्दांची शिदोरी घेऊनच. ‘घर’ हा शब्द त्याच्यापाशी आधीच असतो. गुरुजींनी त्याची खूण तेवढी दाखवायची. मग ‘घर’मधला ‘र’ सुटा केला की तो ‘रस’, ‘चार’, ‘वारा’ यांतही सापडतो. ओळखीच्या शब्दातून निघालेले अक्षर विसरत नाही.

आपल्या झाडीपट्टीतले मूल ‘पाणी’ हा शब्द पाहून ‘पानी’ म्हणते, ‘डोळा’ पाहून ‘डोरा’ म्हणते. ही चूक समजून त्याला दटावले जाते. वास्तविक त्याने शब्द ओळखला, अर्थही ओळखला. उच्चार घरचा केला, इतकेच. प्रमाण उच्चार पुढे सवयीने येईल. पण पहिल्याच दिवशी त्याची बोली हिणवली, तर ते तोंडच उघडीनासे होते.

धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे अडचण याहून मोठी. तेथे पुष्कळ घरांत गोंडी किंवा माडिया बोलतात. या भाषा द्राविड कुळातल्या, मराठीशी त्यांचे रक्ताचे नाते नाही. तिथल्या मुलाला गाव म्हणजे ‘नार’. पुस्तकातला ‘गाव’ ते अक्षरे जुळवून म्हणेल, पण त्यातून त्याच्या मनात काहीच उभे राहणार नाही. लिपी नवी आणि भाषाही नवी, अशी दोन ओझी एकदम दिली जातात, आणि वर शेरा बसतो, ‘मूल मंद आहे’. उन्हाळ्यात आईबापांबरोबर तेंदूपत्त्याचे सत्तर पानांचे पुडके न चुकता बांधणारे मूल मंद कसे?

उपाय अवघड नाही. आरंभीचे वाचन घरच्या भाषेत, देवनागरीतच द्यावे. त्याच वेळी गोष्टी, गाणी, खेळ यांतून मराठी कानावर घालावी. ती तोंडी बसली की मराठी पुस्तक हाती द्यावे. लिपी एकदाच शिकावी लागते. अशाने मूल मराठीत मागे पडेल ही भीती म्हणून निराधार आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने राज्यघटनेत ३५०क हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांवर सोपवली गेली. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शक्य असेल तेथवर मातृभाषाच सांगतो. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतः गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गावाने हे करावे, यातच मागणी किती खरी आहे ते दिसते.

आम्ही संघटनेची माणसे या प्रश्नात का पडतो? सही येते म्हणून साक्षर गणलेले कामगार आम्ही रोज पाहतो. पगारपत्रकावरचा शब्द ते अक्षर लावून वाचतात. ‘कपात’ कशाची, हे मात्र दुसऱ्याला विचारतात. अर्थावाचून वाचायची सवय पहिलीत लागते आणि तिची किंमत पुढे मजुरीतून वसूल होते. म्हणून आपल्या मुलाला ‘किती पाने झाली?’ असे विचारू नका. ‘काय वाचलेस, ते तुझ्या शब्दांत सांग’ असे म्हणा.